उतरलेला चुडा

मानोऱ्याच्या स्टँडवर जमनाबाई मोटारीतून उतरली, तसा तिला न्यायला आलेल्या बंजारा तांड्यातल्या बायांनी गळा काढला. तिच्या दंडावर चुडा नव्हता. आणि बंजाऱ्यांत लग्नात दंडभर चढलेला चुडा नवरा गेल्यावरच उतरतो. “माझा भाऊ गेला वो!” थोरल्या नणंदेनं ऊर बडवला. तेवढ्यात गाठोडं घेऊन मागून धनसिंग उतरला. “कायले रडता? मी जित्ता हाव ना! नागपुरात हिची छातीतली कॅन्सरची गाठ कापली, हात सुजला, म्हून चुडा मीच काढला. डॉक्टर म्हने, आता परत दवाखान्यात यायचं काम नाही.” बाया खदाखदा हसल्या. डॉक्टरच्या बोलण्याचा अर्थ जमनाबाईलाच कळला होता. हसता हसता नणंदेनं तिचा हात धरला. सुजेत तिच्या बोटांनी पडलेले खड्डे भरेनात, तशी ती पुन्हा रडू लागली. “रडू नका, बाई,” जमनाबाई म्हणाली. “लग्नापासून या दंडाले हवा लागली नोती. पाहा, कशी गार लागून राह्यली.”