कोंबडीला कोण घाबरतं?

ते गुहेतून बाहेर आलं आणि अख्खं थिएटर हसलं.

साधंसुधं नाही, पोट धरून. मागच्या रांगेतून कुणीतरी ‘कुकूच कू’ केलं, तशी हशाची दुसरी लाट उठली. आत, पिसांच्या त्या डोलाऱ्यात, घामाने निथळणारा नट ओठ चावून उभा राहिला. गेली कित्येक वर्षं तो याच नाटकात हाच डायनोसॉर होत आला होता. तिसऱ्या प्रवेशात गुहेतून यायचं, डरकाळी फोडायची, प्राध्यापकाला खायचं, की सुटला. तेव्हा अंगावर हिरवं रबर असायचं, खवल्याखवल्यांचं. लोक किंचाळायचे. अलीकडे जांभया द्यायला लागले होते, ही गोष्ट वेगळी.

पिसं ही त्याच्या बायकोची करामत. नाटक कंपनीचं सगळं शिवणकाम तिच्याकडे. एका सुट्टीच्या दिवशी ती संग्रहालयात गेली आणि आली ती डोक्यात नवं खूळ घेऊनच. त्या जनावराला म्हणे पिसं होती. हाडावर पिसांच्या मुळांच्या खुणा आहेत, तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या. मग तिला चैन पडेना. ते मान कशी वळवत असेल, चालताना पाय कसा टाकत असेल, दिवसभर हाच घोषा. भाजी चिरता चिरता मध्येच थांबून खिडकीतल्या कबुतराकडे बघत बसायची.

नवरा वैतागून म्हणाला होता, “अगं, कोंबडीला कोण घाबरतं?”

“किड्याला विचारा,” ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली.

मालकाने कपाळाला हात लावला, पण एक प्रयोग करून बघायला तयार झाला. अट मात्र रोखठोक होती. लोक हसले तर रबर परत येणार, आणि शिवणकामाला दुसरी बाई. आज तोच प्रयोग होता. मालक विंगेत हाताची घडी घालून उभा होता आणि ती त्याच्या शेजारी नखं कुरतडत होती.

नटाने चंग बांधला. बायकोचं काम जाता कामा नये. तो धावतच पुढे गेला. भोंग्यातून डरकाळी सुटली. लोक आणखी हसले. आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपल्याला काहीच दिसत नाहीये.

रबराच्या मुखवट्याचा जबडा उघडा असायचा आणि त्यातल्या जाळीतून समोरचं सगळं दिसायचं. बायकोने तोंडच मिटवून टाकलं होतं. रागावलेलं जनावर तोंड उघडतं, शिकारीला निघालेलं मिटून येतं, असं तिचं म्हणणं. बघायला भोकं ठेवली ती पक्ष्यासारखी, डोक्याच्या दोन बाजूंना. तालमीत खालीवर सगळे दिवे लागलेले असायचे, तेव्हा निभावलं. आता डोळ्यांवर झगझगीत प्रकाश आणि पुढे नुसता काळोख. रंगमंचाची कड कुठे, प्राध्यापक कुठे, कशाचाच पत्ता नाही. कडेवरून खाली गेला तर कपाळमोक्ष ठरलेला.

तो थांबला. मान तिरकी करून त्याने उजव्या भोकातून पाहिलं. मग झटकन वळवून डाव्या. एक पाय उचलला, बोटांनी जमीन चाचपली, पुन्हा मागे घेतला. एवढ्यात डाव्या भोकात एक पिवळा ठिपका आला. पहिल्या रांगेतल्या कुणा मुलीचा फ्रॉक. कड त्या रांगेच्या जरा अलीकडे, एवढं त्याला ठाऊक होतं. बुडत्याला काडीचा आधार. तो त्या ठिपक्यावरची नजर काढेना. अंदाज घेत, पाऊल दाबून, तो इंचाइंचाने सरकू लागला. मध्येच थांबायचा. मान या बाजूला. मान त्या बाजूला. पुन्हा तीच मुलगी.

डरकाळी केव्हा बंद झाली ते त्याला कळलं नाही. विंगेत बायकोने आवाजवाल्याचा हात धरून ती बंद करायला लावली होती. हसणंही ऐकू येईना. एक खुर्ची करकरेना, कुणी खोकेना. झालं, त्याला वाटलं, लोक उठून गेले. तिने बोटांना सुया टोचून घेत एकेक पीस टाचलं, आणि मला धड चालताही आलं नाही. त्याला अगदी रडू यायला लागलं.

तेवढ्यात त्या शांततेत, अगदी जवळून, एका लहान मुलीची कुजबुज आली.

“आई, हलू नकोस. ते ठरवतंय.”

विंगेत मालक नकळत मागे सरकला होता. प्राध्यापक आपलं वाक्य विसरून पुठ्ठ्याच्या खडकाला चिकटला होता. आणि पिसांच्या आत नटाच्या मानेवर सरसरून काटा आला. इतकी खरी भीती त्याने कुणाच्या आवाजात कधी ऐकली नव्हती. आपल्या पाठीमागे नक्की काहीतरी येऊन उभं राहिलंय असं वाटून त्याने हळूच मागे वळून पाहिलं.