त्याला सिनेमा म्हणा
पैज लागली ती जिन्याशेजारच्या सलूनच्या दारात, आणि कारण काय, तर फोन. ऑपरेटरकाकांची बायको जिन्याच्या खालच्या पायरीवर लसूण सोलत बसली होती. समोर फोन बरणीला टेकवलेला. सलूनवाल्याने विचारलं, "काय चाललंय काकू?" ती म्हणाली, "सिनेमा बघतेय."

झालं. दारात उभ्या काकांचं डोकं फिरलं. एकतीस वर्षं त्यांनी थिएटरात मशीन चालवलं होतं. त्या एका शब्दावर घर उभं राहिलेलं.

"अगं, किती वेळा सांगू? याला सिनेमा नाही म्हणत. मधेच बेल वाजते, मधेच दूध उतू जातं. यात गोष्ट तरी समजते का कोणाला?"

"समजत असेल तर?" सलूनवाल्याने वस्तरा थांबवला. या माणसाला आग लावायला काडी लागत नसे. "काकूंनी फोनवरची एक गोष्ट सांगायची, तुम्ही थिएटरातली एक. जो अडकला तो हरला. काकू हरल्या तर वर्षभर तुमची दाढी फुकट."

"आणि मी हरलो तर याच पायरीवर उभा राहतो, फोन हातात घेतो आणि सगळ्या बिल्डिंगला सांगतो, हा सिनेमा आहे म्हणून."

बायकोने फोनचा आवाज बंद केला आणि सुरुवात केली. दोन बहिणी, एक दुकान, एक न पोचलेलं पत्र. हात लसणीवर, तोंड गोष्टीवर. पहिल्या मजल्यावरची शिलाईवाली सहज खाली आली ती नाक ओढत उभी राहिली. काकू कुठे म्हणून अडकली नाही.

"आता तुम्ही," सलूनवाला म्हणाला. खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने बाहेर आलं.

काकांनी हुकमी पत्ता काढला. पंचवीस आठवडे चालवलेला सिनेमा. "दोन भाऊ असतात. भांडण होतं, थोरला घर सोडतो. चौथ्या रिळात पूल. पुलावर दोघं समोरासमोर येतात."

"मग?"

"मग पाचवं रीळ. पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका आला की सात-आठ सेकंदांत दुसऱ्या मशीनवर जायचं. चुकलं तर लोक खुर्च्या फाडतात."

"ते राहू द्या. पुलावर काय झालं?"

"अरे, ठिपक्याकडे बघू की पुलाकडे?" काका वैतागले.

"बरं, शेवट सांगा. थोरला मरतो का?"

काकांनी मान खाजवली. शेवटाच्या वेळी ते पुढच्या खेळासाठी आधीची रिळं उलटी गुंडाळत असत. "मरत असावा," ते म्हणाले. "बायका डोळे पुसत बाहेर पडायच्या."

"मरत नाही हो काका," शिलाईवाली म्हणाली. "परत येतो. म्हणून तर रडायचो."

तोवर दोन मजल्यांची माणसं जिन्यात जमली होती. काका पायरीवर चढले, फोन उचलला, दोनदा खाकरले.

"हा सिनेमा आहे."

"मागे ऐकू आलं नाही," सलूनवाला म्हणाला.

"हा सिनेमा आहे, मेल्या. सिनेमा, सिनेमा, सिनेमा. पोट भरलं?"

बायकोने हात पुसले, त्यांच्या हातातून फोन काढून घेतला, दोन-चार वेळा बोट फिरवलं आणि पुन्हा बरणीला टेकवला. "बसा," ती सरकत म्हणाली. "तुमचाच लावलाय, पंचवीस आठवड्यांचा. पुलापासून."

काका घुश्शातच बसले. थोड्या वेळाने चष्मा कपाळावरून खाली आला. मग कोपरं गुडघ्यांवर आली. माणसं एक एक पायरी खाली सरकत होती.

"ओ पुढचे," वरून कोणीतरी म्हणालं, "डोकं खाली घ्या."