लायटिंगबद्दल एक शब्दही नाही

"बाबा, लग्नाला फक्त बाप म्हणून यायचं. लायटिंगबद्दल एक शब्द काढायचा नाही," लेकीने बजावून ठेवलं होतं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या लग्नांचे फोटो काढलेल्या बापाने निमूट मान डोलावली.

हॉलमध्ये पाऊल टाकताच त्याची नजर खिडकीकडे गेली. लग्नाच्या नोंदणीच्या सह्यांचं टेबल नेमकं मोठ्या खिडकीपुढे मांडलेलं, पडद्याचा पत्ता नाही आणि चारचं ऊन थेट कॅमेऱ्यात. नवरा-नवरीचे चेहरे काळेठिक्कर येणार, हे त्याला डोळे मिटूनही दिसत होतं. ठरवलेला फोटोग्राफर मात्र खुशाल केसांतून कंगवा फिरवत होता.

शब्द तर दिला होता. बापाने जेवणाच्या टेबलावरचं जाड निळं कापड ओढून घेतलं आणि मागच्या दाराने बाहेर निघून गेला. "ऐन वेळी हा माणूस कुठे कडमडला?" म्हणत मामाने सगळा हॉल पालथा घातला आणि शेवटी साक्षीदाराच्या जागी स्वतःच सही ठोकली.

महिन्याने अल्बम आला. चेहरे लख्ख, मागे एकसारखा गडद निळा रंग. लेकीने पानं दोनदा उलटसुलट केली आणि तिचा आवाज चढला. "बाबा, सह्यांच्या एकाही फोटोत तुम्ही नाही!"

बापाने चष्मा लावून एकेक फोटो नीट तपासला.

"मागून ऊन आलेलं दिसतंय कुठे?"

"नाही."



"मग आहे की मी."