वापरात नसलेला शब्द

लेकीकडे परदेशी जायचं म्हणून द्वारकाबाईंनी भाषा-केंद्रातल्या यंत्राने डोक्यात इंग्रजी भरून घेतलं, तेव्हा तिथल्या मुलीने बजावलं होतं, "आजी, प्रत्येक नव्या शब्दाच्या बदल्यात तुमचा एक जुना शब्द कायमचा जाईल. वापरात नसलेलेच सांगा."

बाईंनी जात्याचे, चुलीचे शब्द दिले. शेवटी एक कमी पडला, तर नवऱ्याचं नाव देऊन टाकलं. ते कधी तोंडाने घेतलंय?

आज परक्या इस्पितळात अखेरच्या घटका मोजणारे यजमान क्षीण आवाजात म्हणाले, "जन्मभर अहो-अहो केलंस. एकदा नावाने हाक मार ना गं."

द्वारकाबाईंनी जिवाच्या आकांताने आठवून पाहिलं. नावाच्या त्या जागेवरून ओठांवर एकच शब्द आला, "स्पून."

यजमान अजून वाट बघत होते.