पानाबाहेरचा नवरा

कुणालचा फोटो पडद्यावर आला आणि भाविकाचा माऊसवरचा हात थांबला. गॉगल कपाळावर चढवून, नव्या गोदामाच्या शटरला टेकून उभा होता पठ्ठ्या. ज्या मेल्यानं ताईचा साखरपुडा मोडला, त्यालाच आता भाविकानं बाशिंग बांधायचं होतं.

समाजाच्या मंडळानं त्या वर्षी वधूवरांची पुस्तिका छापायची सोडून वेबसाईट काढली होती. कुणाच्या तरी भाच्यानं ती बनवली, आणि बनवली म्हणजे काय, वाट लावली. मंडळाचे अध्यक्ष लडकूशेठ सकाळीच नारपोलीच्या कॉम्प्युटरच्या दुकानात, जिथं भाविका कामाला होती, येऊन तिच्यासमोर बसले होते. मागच्या गाळ्यांत कापडाचे लूम खडखडत होते, म्हणून ते ओरडूनच बोलले. "पोरी, पान खाली सरकवलं का माजाच फोटो पोरांच्या तोंडावर येतंय. निम्मी पोरं उजव्या अंगाला गायब. काय ते नीट कर गो बाय."

भाविकानं नीट केलं. लडकूशेठना माथ्यावर जागच्या जागी बसवलं. मुलांच्या चौकटी पानात मावतील एवढ्या केल्या, म्हणजे आडवं ओढत बसायला नको. शेवटच्या रांगेतली अर्धी कापलेली मुलंही पूर्ण दिसू लागली. राहिला कुणाल.

निशाताईचा कुणालशी साखरपुडा गावभर साखर वाटून झाला होता. पुढच्या पावसाळ्याआधीच कुणालच्या बापाची खाडीकाठची भातशेती मोठ्या भावानं गोदामांना गेली आणि त्या घराची मान एकदम ताठ झाली. "आता आपली जोड न्हाय," असा निरोप आला, तोही परक्या माणसाबरोबर. आईनं अंथरूण धरलं. निशानं हळदीला जाणंच सोडलं. शेजारी हळदीचा बेंजो वाजायला लागला की ती आतल्या खोलीत जाऊन बसायची. साखरपुड्याची मोरपंखी साडी मात्र तिनं डांबरगोळ्या घालून पेटीत जपली होती. दर सणाला तिला ऊन दाखवायची. ते बघून भाविकाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ताईची जखम अजून ओली आहे आणि हा तिकडे गॉगल लावून हसतो!

आज तो आयता तावडीत सापडला होता. पानावरचं काही उजवीकडे सांडलं तर खाली सरकपट्टी येते, ओढून बघता येतं. डावीकडे सांडलं तर पट्टीच येत नाही. गेलं ते गेलं. भाविकानं कुणालची चौकट दूर डावीकडे ढकलणाऱ्या एक-दोन ओळी लिहिल्या आणि प्रत्येकीच्या सुरुवातीला एक अंडरस्कोर लावला. तसली ओळ फक्त जुना ब्राउझर वाचायचा. नवा ती चूक समजून सोडून द्यायचा. कुणालच्या घरी नवाकोरा कॉम्प्युटर आणि ब्राउझरही नवा होता, त्याला स्वतःचं थोबाड रोज दिसणार होतं. मुलींचे बाप मात्र बघणार सायबर कॅफेत. आणि टेमघरपासून अंबाडीपर्यंत सगळ्या कॅफेंत जुनाच ब्राउझर होता.

तिनं जुन्या ब्राउझरमध्ये पान वरखाली करून पाहिलं. कुणाल नव्हता. त्याच्या मागची मुलं पुढं सरकली होती, पंगतीत पाटही रिकामा राहिला नव्हता. "बस आता आरशात बघत," भाविका पुटपुटली. तिच्या काळजाला गार वाटलं.

घरी तिनं एवढंच सांगितलं की तोही साईटवर आलाय. निशा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"फोटो कसा आलाय गं त्याचा? बारीक झालाय का?"

"मेला नाही अजून," भाविका म्हणाली.

वर्ष सरत आलं. लग्नं जमली तशा भाविकानं एकेकाच्या चौकटी काढून टाकल्या. कुणालची तिथंच होती, म्हणजे कुठंच नव्हती. साखर वाटून फिरलेल्या घराकडे आपणहून कोण जाणार? पानावर बघून कुणी विचारावं, तर पानावर तो नाही. आणि मुलाकडचे, त्यातून गोदामवाले, ते का कुणाच्या दारात जातील? लोक म्हणू लागले, पोरात काहीतरी खोट असणार. भाविका हे घरी तिखटमीठ लावून सांगायची. निशा ऐकून घ्यायची आणि देवापाशी दिवा लावायला उठायची.

दिवाळीच्या पाडव्याला दारात गाडी थांबली. कुणालची आई धोंडूबाई आत आली. मागे कुणाल, मान खाली घालून. धोंडूबाईनं आईचे दोन्ही हात धरले.

"चुकलं आमचं, ईनबाय. सगल्यांच्या पोरांना स्थलं आली, माज्या लेकाला येक मानूस विचाराला न्हाय आला. देवानंच दावलं, याची गाठ हितंच हाय."

आईच्या डोळ्यांना पाणी आलं. भाविका आतल्या दाराकडे बघत राहिली. आता ताई येणार आणि ती साडी त्या बाईच्या तोंडावर फेकणार. वर्षभर ती ह्याच घडीची वाट बघत होती.

निशा आली. ती मोरपंखी साडी नेसूनच आली. घड्यांच्या खुणासुद्धा गेल्या नव्हत्या. खोलीभर डांबरगोळ्यांचा वास पसरला आणि ती धोंडूबाईच्या पाया पडली.

धोंडूबाईनं साखरेचा पुडा सोडला. "मेवनीचा मान पयला," म्हणत तिनं चिमूटभर साखर भाविकाच्या तोंडात घातली.

निशा बहिणीच्या कानाशी वाकली. तिचा चेहरा इतका फुललेला भाविकानं कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

"कुणाला सांगू नकोस हं, भावू. मी देवाला रोज एकच मागत होते, त्याला दुसऱ्या कुणाच्या नजरेला पडू देऊ नकोस."