बॅगांशिवायचं तिकीट

"सिएटलचं तिकीट तिकडून काढू नकोस, आई. इथं आल्यावर स्वस्तात बघू," असं शर्वरीने फोनवर चारदा बजावलं होतं. धाकट्या बहिणीच्या बाळंतपणात आई चार महिने सिएटलला राहिली होती, ते शर्वरी विसरली नव्हती. यंदा आई बोस्टनला आपल्याकडे आली, की तिला सहजासहजी बहिणीकडे जाऊ द्यायचं नाही, हा खरा बेत.

आईने आल्या आल्या पर्समधून तिकीट काढलं. निघायच्या आधीच साताऱ्यात घेतलेलं, पुढच्याच आठवड्याचं.

शर्वरीने ते हातात घेऊन तारीख पाहिली. "तिनेच काढायला लावलं ना? लहानपणापासून तिचंच ऐकतेस."

आईने दोन्ही मोठ्या बॅगा तिच्यापुढे उघडल्या. भाजणी, मेतकूट, डिंकाचे लाडू, आजीच्या साड्यांची गोधडी.

"हे सगळं तुझं. म्हणूनच तिकीट मी स्वतः काढलं, बॅगांशिवायचं. धाकटीला म्हटलं, या तिकिटावर मोठ्या बॅगा नेता येत नाहीत हे घाईत माझ्या लक्षातच आलं नाही."

शर्वरी खुदकन हसली. गोधडी पांघरून आईला बिलगली. मग तिचं हसू हळूहळू मावळलं.

"आणि मला आजवर असं काय काय म्हटलंयस?"