बारावी खोळ

"सैतान समोर आला ना फादर, तर त्याचंही माप घेऊन सोडीन," शिंपी म्हणाला. "उपासकाळ लागून अठ्ठावीस दिवस झाले. थोरल्याबद्दल तोंडातून एक वावगा शब्द नाही. बायकोला विचारा."

"मापाच्या भानगडीत पडू नका," फादर म्हणाले. "स्वतःला गिऱ्हाईक समजून तो बसूनच राहायचा." आणि ते जेवायला गेले.

शिंप्याचा थोरला भाऊ सकाळपासून ऑपरेशनच्या टेबलावर होता. बायको हॉस्पिटलात बाहेरच्या बाकावर बसली होती; काही कळलं की फोन करणार होती. पोरीच्या लग्नापासून भावाभावांत बारा वर्षं बोलणं नव्हतं. पण दादाचं दुखणं निघालं आणि भस्म बुधवारी कपाळाला राख लावून घेताना शिंप्याने देवाला शब्द दिला: चाळीस दिवस मी त्याच्याबद्दल वाईट बोलणार नाही, तू त्याला चालत घरी आण. ज्याची जीभ कात्रीपेक्षा जास्त चालते, त्याच्या या व्रतापुढे बाकीच्यांचं उपासकाळात गोड सोडणं म्हणजे पोरखेळ.

उद्यापासून ईस्टरपर्यंत चर्चमधले पुतळे जांभळ्या कापडाखाली राहायचे. अकरा पुतळे, अकरा खोळी. ओठांत टाचण्या धरून शिंप्याने एकेकाला खोळ चढवली, मागून टाचली. अकरावी झाली, पिशवी रिकामी झाली. शिडीवरून उतरून त्याने सवयीने मोजलं.

बारा.

पुन्हा मोजलं. बाराच. बारावा बाजूच्या दाराशी उभा होता. त्या जागी पुतळा कधी नव्हताच. शिंपी जवळ गेला, शिवण पाहिली. टाके त्याचेच. डावा खांदा अर्धा इंच उतरता धरलेला. असा खांदा त्याने आजवर एकाच माणसासाठी बेतला होता, आणि तो माणूस या क्षणी ओठांत टाचण्या धरून खोळीच्या बाहेर उभा होता.

"या मास्तर," आतून आवाज आला. दुपारचं जेवण करून पाय पसरलेल्या माणसाचा असावा तसा. "थोरल्याचं काय म्हणताय?"

एरवी शिंपी पळालाच असता. पण बढाई अजून ताजी होती. टाचण्या ओठांत घट्ट धरून तो उभा राहिला.

"बापाचं मशीन घेऊन गेले. नेलं ते नेलं, त्यावर शिवावं तरी. कुंडी ठेवलीय. रोज पाणी घालतात. चाक गंजलं बरं का, मास्तर. आता फिरतही नाही."

कुंडीचं शिंप्याला माहीत होतं. गंजाचं नव्हतं. एक टाचणी ओठात रुतली. 

"आणि तुमच्या पोरीच्या लग्नात? जेवले पोटभर, आणि पंगतीत सगळ्यांना सांगत बसले, नवऱ्या मुलासाठी तुम्ही शिवलेल्या कोटाची बाही लांब आहे."

बाही लांब नव्हती. शिंप्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बाही मुळीच लांब नव्हती.

"नुसती मान हलवा. मान हलवणं म्हणजे काही बोलणं नव्हे."

शिंप्याने मान खुंटीसारखी ताठ धरली. तोंड असावं त्या जागी कापड आत ओढलं जात होतं, बाहेर येत होतं.

"हरलो बुवा," आवाज म्हणाला. "किती जण पाहिले मी. कुणी तिसऱ्या दिवशी घसरतो, कुणी आठव्या. तुमच्यासारखा खमका पुण्यवान पाहिला नाही. थोरला वाचला तर तुमच्यामुळे वाचेल. आणि त्यांना ते कधी कळणारसुद्धा नाही."

शिंप्याची छाती फुगली, इतकी की सदऱ्याचं बटण ताणलं. बोलणं स्पष्ट व्हावं म्हणून त्याने टाचण्या एकेक करून तळहातावर काढून घेतल्या.

"अगदी खरंय तुमचं," तो म्हणाला. "त्याने माझ्यासाठी एक दिवसही केलं नसतं हे. जात्याच आपमतलबी. मेला तरी सुधारायचा नाही."

शब्द सुटले आणि मग त्याला ऐकू आले.

आत कोणी हसलं नाही. खोळ फक्त रिकामी झाली आणि खाली बसायला लागली. "नाही, नाही, तसं नव्हतं म्हणायचं," म्हणत शिंप्याने दोन्ही हातांनी कापड धरलं. टाचण्या फरशीवर सांडल्या. कापड वर उठलं, डोक्यावरून आलं आणि अंगावर उतरलं. कुठे ओढ नाही, कुठे झोळ नाही. उभ्या आयुष्यात त्याने इतकं नेमकं काही शिवलं नव्हतं. पाय गुडघ्यापर्यंत गार झाले, मग कमरेपर्यंत. देवा, ते बोलणं मनावर धरू नकोस, असं म्हणायला तो तोंड उघडायला गेला. तोंड उघडलं नाही.

फादर दात कोरत आले. त्यांनी एका टोकापासून मोजलं.

"अकरा सांगितल्या होत्या," ते म्हणाले. "हौशी माणूस, एक जास्तच शिवली. आणि ही मागून टाचली नाहीच."

खाली वाकून त्यांनी चार टाचण्या वेचल्या आणि मानेमागे नीट खोचल्या. शेवटची जरा जोर लावून.

खोळीत फोन वाजायला लागला. खूप वेळ वाजला, थांबला, पुन्हा वाजायला लागला. फादरांनी झग्याचा खिसा चाचपला, आपला फोन काढून बंद केला, आणि बाजूचं दार ओढून घेतलं.